सर्व्हरची यादी कोणाच्या हातात? प्रकल्प नोंदी

९ मार्च २०२५

कामाची व्याप्ती ठरली. क्वेक ३ या नेमबाजीच्या गेमच्या इंजिनावर (खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमवर) चालणाऱ्या जुन्या गेम्ससाठी स्वतःचा मास्टर सर्व्हर उभा करायचा. बंद पडत चाललेल्या सर्व्हर्सच्या कॉन्फिग फायली, म्हणजे सेटिंग्ज लिहिलेल्या फायली, गोळा करायच्या. नव्या अ‍ॅडमिनला एका बैठकीत वाचून होईल अशी मार्गदर्शिका लिहायची. नवा गेम बनवायचा नाही आणि कोणाचं कुलूप तोडायचं नाही. या इंजिनाचा सोर्स कोड ऑगस्ट २००५ मध्येच जीपीएल परवान्याखाली खुला झाला, त्यामुळे परवान्याची धाकधूक नाही.

मास्टर सर्व्हरबद्दल गैरसमज फार, म्हणून सुरुवातीलाच लिहून ठेवतो. त्यावर खेळ चालत नाही, तो फक्त पत्ते सांगतो. प्रत्येक गेम सर्व्हर दर ५ मिनिटांनी त्याला आपण जिवंत असल्याचं कळवतो. त्या पॅकेटला हार्टबीट म्हणतात. खेळाडूनं सर्व्हर ब्राउझर उघडला की क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या यंत्रावरचा गेम, मास्टरकडे यादी मागतो. उत्तरात दर सर्व्हरमागे ४ बाइट आयपी पत्त्याचे आणि २ बाइट पोर्टचे. नाव काय, मॅप कोणता, आत किती जण, पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) किती, ही बाकीची चौकशी क्लायंट थेट त्या त्या सर्व्हरकडे करतो. हजार सर्व्हर्सची यादी मोबाइलवरच्या एका फोटोहून हलकी भरेल.

काम इतकं किरकोळ, पण ते ज्याच्या हातात त्याच्याकडे सगळ्यांची नाडी.

१६ मार्च

डीपीमास्टर चालू केला. डार्कप्लेसेस इंजिनासाठी लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम क्वेक ३ चा प्रोटोकॉलही जाणतो. पोर्ट २७९५०, यूडीपी (आधी जोडणी न बांधता पॅकेट पाठवायची पद्धत). हार्टबीट आलं म्हणून तो लगेच कोणाला यादीत घेत नाही. आधी त्या पत्त्यावर एक यादृच्छिक खूण पाठवतो, आणि तीच खूण उत्तरात परत आली तरच नाव नोंदवतो. कोणी खोट्या पत्त्यावरून हजारो हार्टबीट्स पाठवून यादी बुडवू नये, म्हणून ही सोय.

सर्व्हरच्या बाजूनं काम सोपं. सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये मास्टरसाठी ५ जागा असतात. पहिली मूळ कंपनीच्या मास्टरची, उरलेल्या ४ अ‍ॅडमिनच्या मर्जीच्या. क्लायंटच्या बाजूनं मात्र मूळ गेममध्ये मास्टरचं नाव कोडमध्येच चिकटवलेलं होतं. खुल्या झालेल्या कोडवरून आयओक्वेक३ ही सुधारलेली आवृत्ती काढणाऱ्यांनी ते कॉन्फिगमध्ये आणलं. त्या एका बदलाशिवाय आमच्या यादीला कोणी विचारलंच नसतं.

२३ मार्च

मार्गदर्शिकेतलं इतिहासाचं प्रकरण लिहायला घेतलं. गेमस्पायपासून सुरुवात, कारण यादी गेली की काय होतं याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही.

१९९६ साली क्वेक आला तेव्हा इंटरनेटवरचे सर्व्हर शोधून दाखवणारं क्वेकस्पाय नावाचं एक छोटं साधन निघालं. त्याचंच पुढे गेमस्पाय झालं, आणि शेकडो गेम्सनी आपली यादी, लॉगिन, आकडेवारी त्याच्याकडे सोपवली. गेम कंपन्यांना ते सोयीचं होतं. २०१२ मध्ये ग्लू मोबाइलनं ती सेवा विकत घेतली आणि ३१ मे २०१४ ला बंद केली. बॅटलफील्ड या गेम-मालिकेतल्या १९४२, व्हिएतनाम, २ आणि २१४२ या भागांची ऑनलाइन सोय त्याच जूनअखेर संपली.

यातली खोच अशी की त्या दिवशी सर्व्हर चालवणाऱ्या कोणीच सर्व्हर बंद केला नव्हता. यंत्रं चालू, भाडं भरलेलं, मॅप फिरत होते. ब्राउझर तेवढा रिकामा दिसायला लागला. बॅटलफील्ड १९४२ या गेममध्ये ज्याला पत्ता पाठ होता तो थेट आत जाऊ शकत होता. बॅटलफील्ड २ मध्ये लॉगिनही त्याच वाटेनं जात असल्यानं नुसता पत्ता पुरेसा नव्हता. मग ओपनस्पाय, ३३३नेटवर्क्स यांसारख्या हौशी मंडळींनी पर्यायी मास्टर उभे केले. अनरिअल टूर्नामेंट या गेमचं तर आणखी सोपं झालं. तो काढणाऱ्या एपिकनं जानेवारी २०२३ मध्ये जुने मास्टर काढून घेतले, पण मूळ गेममध्ये मास्टरचा पत्ता साध्या आयएनआय फाइलमध्ये असतो. ओळ बदलली, यादी परत.

म्हणजे १९९९ च्या या गेमला वाचवायला मजकुराची एक ओळ लागते, आणि त्यानंतर १५-१७ वर्षांनी आलेल्या कित्येक गेम्सना कशानंच वाचवता येत नाही. तांत्रिक प्रगतीबद्दल बोलणाऱ्यांनी यावर थोडं थांबावं.

६ एप्रिल

यादी आता भरतेय. पाहून आधी आनंद झाला, मग आतले खेळाडू तपासले. क्वेक ३ चा सर्व्हर स्थिती सांगताना प्रत्येकाचा स्कोअर, पिंग आणि नाव देतो, आणि बॉटचं, म्हणजे संगणकानं चालवलेल्या खेळाडूचं, पिंग नेहमी ० असतं. पिंग ० वाल्यांची गर्दी बरीच आहे. वर्षानुवर्षं सगळं व्यवस्थित चालू, मॅप बदलतायत, बॉट एकमेकांना मारतायत, माणूस नाही.

आमच्या पानावर बॉट वगळून आकडा दाखवायचं ठरलं. आयओक्वेक३ चे सर्व्हर खऱ्या माणसांचा आकडा वेगळा सांगतात, पण सगळे तेच वापरत नाहीत, म्हणून जिथे तो मिळत नाही तिथे पिंगवरून ठरवायचं. प्रकल्पातल्या जोडीदाराचं म्हणणं पडलं की रिकामे सर्व्हर रिकामे दिसले तर लोक आणखीच फिरकणार नाहीत. मुद्दा खोटा नाही. तरी मी अडून बसलो, कारण खोटी गर्दी दाखवण्याच्या सवयीनं समुदायाच्या सर्व्हर्सचं आधीच पुष्कळ नुकसान केलंय.

व्हॉल्व्ह कंपनीच्या टीम फोर्ट्रेस २ या गेमचं उदाहरण सरळ मार्गदर्शिकेत घातलं. तिथे एकेकाळी गर्दी म्हणजे समुदायाचेच सर्व्हर. पण त्यांत काही नग असेही होते: बनावट खेळाडू दाखवणारे, आत शिरताच जाहिरातीचं पान उघडणारे, पैसे देणाऱ्याला जागा राखून ठेवणारे आणि त्यासाठी चालू खेळातून दुसऱ्याला उठवणारे. नवख्याला पहिल्याच संध्याकाळी हे भेटलं की तो परत येत नाही. २०१४ मध्ये व्हॉल्व्हनं, एका दाबात सर्व्हर निवडून देणारं क्विकप्लेचं बटण मुळातच अधिकृत सर्व्हर्सकडे वळवलं. जुलै २०१६ मध्ये क्विकप्लेच काढून मॅचमेकिंग (कोणी कोणाबरोबर खेळायचं हे कंपनीच जुळवते ती पद्धत) आणलं. सर्व्हर ब्राउझर आजही आहे, कोणी बंदी घातलेली नाही. मोठं बटण मात्र दुसरीकडे नेतं, आणि नवा माणूस मोठं बटणच दाबतो.

कंपन्यांनी आमचं हिरावून घेतलं हे रडगाणं अर्धंच खरं आहे. बटण फिरवायला निमित्त आमच्यातल्याच काहींनी पुरवलं.

२० एप्रिल

एका सहकारी अ‍ॅडमिनचा सर्व्हर होस्टिंग कंपनीनं विचारणा न करता बंद केला. आरोप: तुमच्या यंत्रावरून हल्ला होतोय. त्याचा दोष एवढाच की जुनी बायनरी, म्हणजे सर्व्हरचा जुना प्रोग्रॅम, चालू होती.

प्रकार असा. क्वेक ३ ला स्थिती विचारणारं पॅकेट १३ बाइटचं असतं: चार वेळा एफएफ हा बाइट आणि पुढे ९ अक्षरांची आज्ञा. उत्तरात सगळे नियम आणि खेळाडूंची यादी येते, म्हणजे कित्येक पट मोठं. यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. हल्लेखोर प्रश्न विचारतो सावजाच्या नावानं, आणि उत्तरांचा पूर सावजाच्या दारात जातो. अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सायबर सुरक्षा संस्थेनं २०१४ मध्ये अशा प्रोटोकॉल्सचा तक्ता प्रसिद्ध केला, त्यात क्वेकच्या प्रोटोकॉलची वाढ ६३.९ पट दाखवली आहे. स्टीमच्या प्रोटोकॉलची ५.५.

उपाय जुना आहे. आयओक्वेक३ मध्ये एका पत्त्याला ठरावीक वेळात मोजकीच उत्तरं देण्याची मर्यादा घातलेली आहे. नवी बायनरी, एक रीस्टार्ट. अ‍ॅडमिनला ते करून दिलं, पण कंपनीनं यंत्र परत द्यायला नकार दिला. दुसरीकडे हलवावं लागलं. आयपी बदलला. नेहमीच्या लोकांच्या फेव्हरिट्समध्ये जुना पत्ता होता, त्यातले काही अजून उगवलेले नाहीत.

सर्व्हर का कमी झाले याच्या चर्चेत हे कोणी धरत नाही. पूर्वी अ‍ॅडमिन म्हणजे मॅप लावणारा आणि भांडणं मिटवणारा. आता त्याला नेटवर्क सुरक्षेची अर्धी नोकरी फुकट करावी लागते. घरच्या जोडणीवरून चालवायचं म्हटलं तर बऱ्याच ठिकाणी सेवा देणारा एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटतो, त्यामुळे पोर्ट उघडायची सोयच उरलेली नाही. मार्गदर्शिकेत याचं स्वतंत्र प्रकरण करायचं.

११ मे

कोड वाचत बसलो होतो, सर्व्हर खेळाडूला आत घेतो ती फाइल. क्वेक ३ ला सीडी-की तपासणी होती. खेळाडू आला की सर्व्हर कंपनीच्या ऑथराइज सर्व्हरला विचारायचा, हा खरा ग्राहक का? आणि तिकडून उत्तरच आलं नाही तर?

त्यासाठी ५००० मिलिसेकंदांची मुदत ठेवलेली आहे. खाली प्रोग्रॅमरनं टिप्पणीत भाव स्पष्ट लिहिलाय: बराच वेळ झाला आणि तिकडून काही कळलं नाही, तर आपलाच सर्व्हर पडला असं समजून खेळाडूला आत सोडा.

५ सेकंद. हे विकाऊ गेममधलं, चोरीविरुद्धचं कुलूप आहे, आणि तरी शंकेचा फायदा खेळाडूला दिलेला आहे. कंपनी जागेवर नसेल ही शक्यता लिहिणाऱ्यानं गृहीत धरली होती. या २५ वर्षांत नेमकं काय बदललं असं मला कोणी विचारलं तर मी हीच फाइल उघडून दाखवीन. आज बहुतेक गेम्समध्ये तिकडून उत्तर नाही म्हणजे खेळ नाही. युबिसॉफ्टचा द क्रू ३१ मार्च २०२४ ला बंद झाला, तेव्हा एकट्यानं गाडी हाकायची सोयही त्याच्याबरोबर गेली.

२५ मे

कंपन्यांची बाजू. हे प्रकरण जोडीदारानं लिहायला सांगितलं आणि बरं झालं, कारण आमच्या मंडळींत ते कोणी धड मांडत नाही.

हेलो २ नं २००४ मध्ये दाखवून दिलं की बटण दाबून आपल्या तोलामोलाचे खेळाडू मिळाले तर लोकांना ते आवडतं. कन्सोलवर सर्व्हरची यादी चाळत बसणं तसंही जिवावर येतं. नवख्यासाठी मॅचमेकिंग खरोखर चांगलं आहे. दहा वर्षं तोच मॅप खेळणाऱ्यांच्या तावडीत सापडून पहिल्या तासात शंभर वेळा मरायची वेळ येत नाही. हे नाकारण्यात अर्थ नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये मॉडर्न वॉरफेअर २ हा गेम पीसीवर डेडिकेटेड सर्व्हरशिवाय, म्हणजे खेळाडूंना स्वतंत्र सर्व्हर चालवायची सोय न ठेवता, आला. विरोधाच्या अर्जावर लाखाहून जास्त सह्या झाल्या, बहिष्काराचे गट निघाले, आणि गेम धो धो खपला. त्या दिवशी सगळ्या कंपन्यांना कळायचं ते कळलं.

पुढचं कारण पैशाचं, आणि माझ्या मते तेच निर्णायक. खेळ विकण्यापेक्षा खेळातल्या वस्तू विकण्यात कमाई दिसायला लागली. बंदुकीचं रंगकाम, पोशाख, पातळ्या, हंगामी पास. आता अनोळखी माणसाच्या यंत्रावर सर्व्हर असेल तर तो कोणालाही काहीही फुकट देऊ शकतो. आमच्या जुन्या सर्व्हर्सवर मॉड (गेममध्ये हौशींनी केलेला फेरफार) लावून सगळ्यांना सगळ्या बंदुका देणं ही रविवारची गंमत होती. दुकान टाकून बसलेल्याला ती चोरी वाटणार. काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्हनं २०१५ मध्ये समुदायाच्या सर्व्हर्सना लॉगिन टोकन (कंपनीकडून घ्यायची ओळख-खूण) सक्तीचं केलं, ते याच ओढाताणीतून. सर्व्हर तुमचा, पण वागणूक आवडली नाही तर टोकन रद्द. त्यातल्या त्यात तो मार्ग सभ्य म्हणायचा, सर्व्हरचा प्रोग्रॅम तरी हातात देतात.

बॅटलफील्ड ३ नं २०११ मध्ये मधली वाट काढली. सर्व्हरच्या फायली कोणालाच नाहीत, ठरवून दिलेल्या विक्रेत्यांकडून भाड्यानं घ्या. अ‍ॅडमिनला किक (हाकलणं) आणि बॅन (बंदी घालणं) करता येत होतं, मॅपची फेरी लावता येत होती. पण कंपनीनं भाड्याची सोय काढली की सर्व्हरही गेला. बरेच अ‍ॅडमिन त्यात खूश होते, हेही खरं. यंत्राची कटकट नाही आणि सर्व्हरला नाव आपलं.

१५ जून

संग्रहाचं काम. एका क्लॅननं (नेहमी एकत्र खेळणाऱ्यांच्या गटानं) सर्व्हर आवरताना सगळं फोल्डरच पाठवलं. सर्वांत मौल्यवान वस्तू मॅप नाहीत, ते बहुतेक कुठे ना कुठे सापडतात. मौल्यवान आहेत त्या कॉन्फिग आणि नियमांच्या फायली. मॅपची फेरी कोणत्या क्रमानं, खेळाडू कमी असताना कोणते लहान मॅप, आज्ञांपुढे कोणी कधी लिहिलेल्या टिपा. एका ओळीत सर्व्हरचा वेग मूळच्या २० वरून ३० केलाय आणि शेजारी भांडणाचा सगळा इतिहास आहे: कोणाला लॅग (खेळ उशिरा प्रतिसाद देणं) येतो, कोणाला नाही, कोण निघून गेला. २० म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी जगाची नवी स्थिती. हा आकडा दस्तऐवजात मिळतो, तो कितीवर ठेवायचा याचं शहाणपण तिथे नाही.

बॅनच्या यादीवर अडलो. वर्षानुवर्षांचे आयपी पत्ते, ओळख क्रमांक, नावं, आणि शेजारी अ‍ॅडमिनचे शेलके शेरे. इतिहास म्हणून मोलाचं, पण ही खऱ्या माणसांची माहिती आहे आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही. ठरलं: बॅन याद्या आणि चॅटचे लॉग संग्रहात घ्यायचे नाहीत, आलेल्या प्रती पुसायच्या. नियमांची फाइल ठेवायची. हटवणाऱ्यानं कशासाठी हटवलं हे त्यातूनही कळतं.

रीकॉन पासवर्डही, म्हणजे सर्व्हर दुरून चालवायचा पासवर्ड, बहुतेक कॉन्फिगमध्ये उघडा लिहिलेला असतो. तो काढायची स्क्रिप्ट लिहिली.

६ जुलै

युरोपातल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेच्या नागरिक उपक्रमानं याच आठवड्यात १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. रॉस स्कॉटनं द क्रू बंद झाल्यावर एप्रिल २०२४ मध्ये सुरू केलेली ही मोहीम. मागणी मोजकी आहे: आधार काढून घ्या, पण विकलेला गेम चालण्याजोग्या अवस्थेत सोडून जा. सर्व्हर कायम चालवा असं कोणी म्हणत नाही, तरी टीका नेमकी त्याच गोष्टीवर होते.

कायद्याचं प्रकरण थोडक्यात उरकतो. हौशी मंडळींनी ब्लिझार्ड कंपनीच्या बॅटलनेट या ऑनलाइन सेवेला पर्याय म्हणून लिहिलेला बीनेटडी हा प्रोग्रॅम २००५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयात ब्लिझार्डविरुद्ध हरला. त्याच कंपनीच्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा नॉस्टॅल्रियस हा जुन्या रूपातला सर्व्हर एप्रिल २०१६ मध्ये नोटिशीनंतर बंद झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनं स्वतःच क्लासिक या नावानं जुनं रूप काढलं. गिऱ्हाईक होतं, हे कोणी सिद्ध करून दिलं? उलट उदाहरणंही घातली. सिटी ऑफ हीरोज २०१२ मध्ये बंद झाला होता; त्याच्या होमकमिंग या हौशी सर्व्हरला जानेवारी २०२४ मध्ये मालकांनी रीतसर परवाना दिला. नॉकआउट सिटीवाल्यांनी जून २०२३ मध्ये अधिकृत सर्व्हर बंद करताना स्वतः चालवता येईल अशी आवृत्तीच लोकांच्या हाती दिली. म्हणजे जमतं.

२७ जुलै

समुदायाच्या सर्व्हर्सचा ऱ्हास झाला, असं मार्गदर्शिकेच्या मसुद्यात म्हटलं होतं. एका वाचकानं त्यावर आक्षेप घेतला: ऱ्हास कुठला, आज माइनक्राफ्ट, रस्ट, व्हॅलहाइम, पालवर्ल्ड सगळ्यांना स्वतःचा सर्व्हर लावता येतो.

आक्षेप रास्त आहे आणि त्यामुळे आमचं म्हणणं धारदार झालं. सर्व्हरची संख्या मोजत बसलो तर ऱ्हास दिसणारही नाही. पण यातले कितीतरी सर्व्हर पासवर्ड लावलेले, चार मित्रांचे. तिथे अनोळखी माणूस येत नाही. आम्ही ज्याबद्दल बोलतोय तो सर्व्हर म्हणजे गावातला पार: कोणीही येऊन टेकावं, रोज आलं तर ओळख व्हावी, वावगं वागलं तर तिथल्याच कोणीतरी हटकावं. यादीतून सहज दिसणारा, अनोळखी लोकांना ओळखीचं करणारा सर्व्हर, हा प्रकार आटला. काउंटर-स्ट्राइकमधला सर्फ हा खेळप्रकार, किंवा आर्मा २ या गेमवरचा डेझी हा मॉड आणि त्यातून निघालेले बॅटल रॉयलचे पहिले प्रयोग, हे अशाच उघड्या सर्व्हर्सवर वाढले, कारण तिथे कोणीतरी सहज डोकावत होतं.

रस्ट आणि माइनक्राफ्टमध्ये तसे उघडे सर्व्हर आहेत, मान्य. माइनक्राफ्टचा २बी२टी तर डिसेंबर २०१० पासून चालू आहे. पण तिथेही मालकी पातळ होतेय. जुलै २०२२ च्या १.१९.१ आवृत्तीपासून खाजगी सर्व्हरवरच्या बोलण्याचीही तक्रार कंपनीकडे करता येते, आणि कंपनीनं बंदी घातली की त्या खेळाडूला ऑनलाइन कोणत्याच सर्व्हरवर जाता येत नाही, अ‍ॅडमिनची ना नसली तरी. मुलांच्या सुरक्षेसाठी हे हवं असं म्हणणारे चुकीचे नाहीत. पण आपल्या सर्व्हरवर शेवटचा शब्द अ‍ॅडमिनचा, हे जुनं गृहीतक तिथे संपलं.

परिच्छेद बदलून घेतला. मसुद्याच्या शीर्षकातला ‘ऱ्हास’ ठेवला.

१७ ऑगस्ट

दुसरा मास्टर चालू झाला, वेगळ्या गटाकडे, वेगळ्या होस्टिंगवर. अ‍ॅडमिन मंडळींना कळवलं: पाचांपैकी दोन जागांत दोघांची नावं घाला, तिसरीत तुम्हाला विश्वास वाटेल त्याचं. दोन्ही याद्या एकमेकींना पत्ते देत नाहीत. जोडीदाराला ते हवं होतं, पण एकाची घाण दुसऱ्यात जाण्यापेक्षा सर्व्हरनं दोन्हीकडे हार्टबीट पाठवणं स्वस्त.

चाचणीसाठी आमचा मास्टर मुद्दाम रात्रभर बंद ठेवला. ज्यांनी दोन्ही नावं घातली होती त्यांचे खेळाडू नेहमीसारखे आले. काहींना बंद होता हे कळलंही नाही.

उरलेली कामं: आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) ची यादी तपासायची. बॉट वगळायचा नियम एका मॉडवर चुकतो, तिथे लॅनवरच्या (त्याच स्थानिक जाळ्यावरच्या) माणसालाही पिंग ० मिळतं. डोमेन माझ्या एकट्याच्या नावावर आहे, ते दोघांच्या खात्यावर करायचं आणि नूतनीकरणाची तारीख मार्गदर्शिकेत छापायची. ‘अ‍ॅडमिन सोडून जातो तेव्हा’ हे प्रकरण अजून कोरं आहे. आवराआवर केलेल्या त्या क्लॅनच्या माणसानं ते लिहायचं कबूल केलंय.